एक षष्ठांश खिडकी

१४ डिसेंबर २०१८ रोजी, राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनी, केंद्र सरकारने घरांसाठी एक संहिता जाहीर केली. तिचं नाव इको-निवास संहिता. कार्यालयं, मॉल, हॉटेलं यांच्या बांधणीला ऊर्जेच्या अटी सांगणारी संहिता २००७ सालीच आली होती. माणसं जिथे राहतात, झोपतात, आजारी पडतात त्या इमारतींच्या भिंती-खिडक्यांसाठी देशपातळीवर तशी संहिता यायला आणखी अकरा वर्षं लागली.

तिच्या पहिल्या भागात एक लहानसा तक्ता आहे. बाहेरच्या हवेकडे उघडणाऱ्या खिडक्या, दारं आणि झरोके मिळून घराच्या कार्पेट एरियाच्या किमान किती टक्के असावेत, हे त्यात हवामानानुसार दिलं आहे. उष्ण-कोरड्या भागात १०, नागपूरसारख्या संमिश्र हवेत १२.५, मुंबई-कोकणाच्या दमट हवेत १६.६६, थंड प्रदेशात ८.३३.

१६.६६ हा आकडा पाहून मी थांबलो. नव्याने गणित करून ठरवलेली किमान मर्यादा १५ असते, फार तर १७ असते. १६.६६ म्हणजे एक षष्ठांश. ८.३३ म्हणजे एक द्वादशांश, १२.५ म्हणजे एक अष्टमांश. टक्केवारीच्या कपड्यांतले हे जुने अपूर्णांक आहेत. ते आले नॅशनल बिल्डिंग कोडमधून. त्या कोडची पहिली आवृत्ती १९७० सालची, आणि हे अपूर्णांक त्यात आहेत ते उजेड आणि वायुवीजनाच्या प्रकरणात. तिथे प्रश्न विजेचा नव्हता, खोलीत श्वास घेता येतो का हा होता.

हा प्रश्न सरकारी नियमाचा विषय कसा झाला, हे पाहायचं तर १८९६च्या मुंबईत जावं लागतं. त्या वर्षी सप्टेंबरात मांडवी भागात गाठीच्या तापाचे रोगी दिसू लागले. गोव्यात जन्मलेले डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी तो प्लेग असल्याचं ओळखलं. पुढच्या काळात पालिकेची माणसं घरांवरची कौलं उतरवून ऊन आत सोडत होती, आणि ज्या घरांत ऊन पोचणंच शक्य नव्हतं त्यांच्या भिंतींवर ‘यूएचएच’ ही अक्षरं रंगवत होती. अर्थ असा, की हे घर माणसाने राहण्यास लायक नाही. प्लेगच्या प्रसाराचं खरं कारण उंदीर आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवा होत्या. अंधार हे त्यांचं आश्रयस्थान. तरी अंधाऱ्या खोलीवर सरकारचं लक्ष गेलं ते कायमचं.

१८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे त्याचे अध्यक्ष झालेले जे. पी. ऑर यांनी चाळींतल्या उजेड-हवेचा ध्यासच घेतला होता. त्या काळात ट्रस्टने जो दंडक वापरला तो साडेत्रेसष्ट अंशांचा. समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून आपल्या भिंतीच्या तळाशी रेघ ओढली, तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा कोन करता कामा नये. विचित्र वाटणाऱ्या या कोनाचा अर्थ फार सरळ आहे. त्या कोनात उंची ही अंतराच्या दुप्पट असते. म्हणजे चाळीस फूट उंच चाळ उभारायची, तर मध्ये निदान वीस फूट मोकळी जागा सोडायची. दोन चाळींमधल्या हाताएवढ्या घळीत खिडकी काढून ‘खिडकी दिली’ असं म्हणण्याची वाट या नियमाने बंद केली. भूमिती समजावी कशासाठी, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

इको-निवास संहितेचं हे एक कूळ. दुसरं अगदी निराळ्या मुलखातलं.

ऑक्टोबर १९७३मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. स्वीडन, जर्मनी यांनी आपापले बांधकाम-नियम कडक केले, पण त्यांना ऊब आत धरून ठेवायची होती; ती वाट आपल्याकडे येत नाही. आपल्याकडे येणारी वाट अमेरिकेतून निघाली. तिथल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेने, ‘ॲश्रे’ने, १९७५ साली नव्या इमारतींसाठी ऊर्जाबचतीचं मानक काढलं. त्यात एक नवी कल्पना होती. भिंतीतून झिरपणारी उष्णता, काचेतून झिरपणारी उष्णता आणि काचेतून थेट घुसणारं ऊन या तिन्हींची बेरीज करायची, ती इमारतीच्या बाहेरच्या सगळ्या पृष्ठभागावर वाटायची, आणि दर चौरस मीटरला किती वॅट आत येतात ते एका आकड्यात सांगायचं. याला ओटीटीव्ही म्हणतात.

हा आकडा उचलला सिंगापूरने. १९७९ साली तिथे वातानुकूलित इमारतींसाठी दर चौरस मीटरला ४५ वॅट ही मर्यादा कायद्यात आली. विषुववृत्ताजवळच्या, बाराही महिने घाम काढणाऱ्या देशाने थंड देशांचे नियम जसेच्या तसे न घेता स्वतःला लागू पडेल तेवढंच घेतलं, हे मला फार मोलाचं वाटतं. १९९५ साली हाँगकाँगने हीच पद्धत घेतली. २००८मध्ये सिंगापूरनेच राहत्या इमारतींसाठी तिची नवी आवृत्ती केली, ती आरईटीव्ही.

भारत आणि स्वित्झर्लंड यांच्या संयुक्त प्रकल्पाच्या मदतीने आपली संहिता तयार झाली, तेव्हा हेच नाव आपल्याकडे आलं. सूत्र मात्र इथल्या हवामानासाठी नव्याने बांधलं, त्यामुळे सिंगापूरचा आकडा आणि आपला आकडा शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. आपली मर्यादा आहे दर चौरस मीटरला १५ वॅट. थंड प्रदेश सोडून सगळीकडे हीच.

१५ म्हणजे किती? दमट हवेसाठीचे गुणक घेऊन मांडून पाहू. नऊ इंची विटांच्या भिंतीतून सुमारे १० वॅट येतात. सच्छिद्र हलक्या ब्लॉकच्या आठ इंची भिंतीतून जेमतेम ४. ॲल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्र ओतायची पद्धत आता मुंबई-पुण्याच्या टॉवरांत सर्रास दिसते. तिच्यातली सहा इंची काँक्रीटची भिंत एकटीच १७-१८ पर्यंत जाते. खिडकी मांडायच्या आधीच मर्यादा ओलांडलेली असते. मे महिन्यात रात्री नऊ वाजता अशा घराच्या पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावला, तर सूत्राची गरज उरत नाही.

आणि काच? छज्जा नसलेली साधी एकेरी काच ६०च्या आसपास, म्हणजे विटांच्या भिंतीच्या पाच-सहा पट. इथेच दोन्ही कुळं समोरासमोर येतात. मुंबईचं कूळ म्हणतं खिडकी मोठी हवी, सिंगापूरचं कूळ म्हणतं काच कमी हवी. संहितेने दोन्ही ऐकलं. काचेवर सावली पडत असेल तर सूत्रात तिला सवलत मिळते. त्यामुळे कोकणातल्या घराची पुढे आलेली पागोळी आणि जुन्या इमारतींचा रुंद छज्जा, जे ‘एलिव्हेशन’च्या नादात गेली काही दशकं कापले गेले, ते आता हिशेबात धरले जातात.

खिडकीचा हिशेबही बदलला. जुना नियम भिंतीतलं भोक मोजत होता, नवा नियम उघडणारं क्षेत्र मोजतो. दोन तावदानांची सरकती खिडकी कितीही सरकवली तरी अर्धीच उघडते, म्हणून संहिता तिला निम्मेच गुण देते. झडपांची खिडकी ९० टक्के धरली जाते. मुंबईत ६०० चौरस फूट कार्पेटचं घर असेल, तर १०० चौरस फूट प्रत्यक्ष उघडायला हवं; सगळ्या सरकत्या खिडक्या आणि सरकती दारं लावली, तर ती मिळून २०० चौरस फुटांची लागतील. प्लेगच्या शहराने मागितलेली खिडकी आता कागदावर नाही, हवेत मोजली जाते. नियमाची एवढी सूक्ष्म दुरुस्ती करणाऱ्या माणसाने एखादी मे महिन्यातली रात्र सरकत्या खिडकीच्या बंद अर्ध्या बाजूला झोपून काढली असावी, असं मला वाटत राहतं.

२००१च्या ऊर्जा संवर्धन कायद्यात राहत्या इमारती नव्हत्या. २०२२च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारती त्याच्या कक्षेत आल्या. तरी केंद्राची संहिता आपोआप वीट हलवत नाही. राज्याने ती आपल्यापुरती बदलून अधिसूचित करायची, मग ती स्थानिक बांधकाम नियमावलीत उतरायची, आणि शेवटी नगररचना खात्यात प्लॅन पास करणाऱ्याच्या टेबलावर पोचायची. त्या टेबलावर समासातली मोकळी जागा, एफएसआय, पार्किंग, जिना, अग्निशमनाचा दाखला हे सगळं तपासलं जातं. सूत्राला लागणारी माहिती, म्हणजे भिंतीचं साहित्य, तिची जाडी, काचेचा प्रकार, छज्ज्याची रुंदी आणि खिडकीची दिशा, आर्किटेक्टच्या नकाशात आधीपासूनच असते. गणित तासाभराचं आहे. ते नकाशासोबत जोडलेलं मागायला हवं, घर विकत घेणाऱ्यानेही.