केसपेपरवरचं खोटं निदान: सर्जनचा हेतू कसा वाचायचा?

लिंगभाव-पुष्टी शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनना त्या कामात अर्थ का वाटतो? हा प्रश्न घेऊन तुम्ही प्रस्ताव लिहायला बसलात, तर पहिली पद्धत सुचते ती मुलाखतीची. पण सर्जन हयात नसेल तर? मग हेतू शोधायचा कुठे? एकच उदाहरण घेऊन बघू.

हॅरॉल्ड गिलीज यांचा जन्म १८८२ सालचा, न्यूझीलंडमधल्या डनिडिनचा. पहिल्या महायुद्धात खंदकांमधल्या सैनिकांचे चेहरे गोळ्यांनी आणि तोफगोळ्यांच्या कपच्यांनी अक्षरशः फाटत होते. अशा सैनिकांसाठी १९१७ मध्ये लंडनजवळ सिडकपला खास रुग्णालय सुरू झालं. तिथे ५ हजारांहून जास्त सैनिकांवर ११ हजारांहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. त्याच वर्षी गिलीज यांनी 'ट्यूब पेडिकल' वापरायला सुरुवात केली. त्वचेची पट्टी शरीरापासून पूर्ण तोडायची नाही, तिच्या कडा शिवून नळी करायची. रक्तपुरवठा चालू राहतो आणि आतला भाग झाकला गेल्यामुळे जंतुसंसर्गही कमी होतो. (ओडेसात फिलातोव्ह यांनी हेच स्वतंत्रपणे केलं होतं. 'पहिला कोण' या वादात आपण आज पडायला नको.)

आता १९४० च्या दशकात येऊ. मायकल डिलन यांचा जन्म १९१५ चा, नोंद मुलगी म्हणून झालेली. युद्धकाळात ते ब्रिस्टलच्या एका गॅरेजमध्ये काम करत होते आणि टेस्टोस्टेरॉन घेत होते. १९४४ मध्ये त्यांनी जन्मदाखलाही बदलून घेतला. पुढच्या शस्त्रक्रियेसाठी ते गिलीज यांच्याकडे गेले, पण गिलीज तेव्हा जखमी सैनिकांमध्ये गुंतलेले. काम सुरू झालं ते १९४६ मध्ये, बेसिंगस्टोकच्या रुक्सडाउन हाउसमध्ये. १९४९ पर्यंत किमान १३ शस्त्रक्रिया झाल्या. डिलन तेव्हा डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात वैद्यकीय शिक्षण घेत होते. सुट्टी लागली की रुग्णालय, सुट्टी संपली की वर्ग. लंगडताना कुणी विचारलं तर युद्धातली जखम म्हणून सांगायचे.

तंत्र सैनिकांसाठी घडवलेलंच होतं. पण केसपेपरवर निदान काय लिहिलं होतं? हायपोस्पॅडियास, म्हणजे मूत्रमार्गाचं तोंड जन्मतःच योग्य जागी नसणं. हे निदान खोटं होतं, आणि गिलीज यांनी ते जाणूनबुजून लिहिलं होतं.

इथे जरा थांबा. कागद जसाच्या तसा खरा मानलात, तर डिलन पारलिंगी माणसांच्या इतिहासातून गायबच होतात. 'साधन अविश्वसनीय' म्हणून बाजूला टाकलात, तर सगळ्यात बोलका पुरावा हातातून जातो. तिसरी वाट म्हणजे विचारायचं, हे खोटं कुणाच्या कामाचं होतं?

रुग्णाच्या, हे उघड आहे. पण सर्जनच्याही, हे विसरू नका. त्या काळच्या इंग्लंडमध्ये अशी शस्त्रक्रिया उघडपणे करणं सर्जनला अडचणीत आणणारं होतं. म्हणजे एकाच ओळीतून करुणाही वाचता येते आणि सावधपणाही. नुसत्या त्या ओळीवरून निकाल देऊ नका, शेजारचे पुरावे बघा. १९५१ मध्ये गिलीज यांनी रोबर्टा कॉवेल यांच्यावरही शस्त्रक्रिया केली. म्हणजे डिलन हा एकवेळचा अपवाद नव्हता. १९५७ च्या आपल्या ग्रंथात या विषयावर लिहिताना त्यांनी रुग्णाला मिळणारा आनंद हीच कसोटी धरली. चेहरा गमावलेल्या सैनिकाला लोकांत वावरता यावं, यासाठी त्यांनी उमेदीची वर्षं घातली होती. त्याच कामाचा धागा डिलनपर्यंत येतो, असं मला वाटतं. अर्थात 'लिंगभाव-पुष्टी' हा शब्द आपला, आजचा. तो गिलीज यांच्या तोंडी घालू नका.

गोष्ट इथे संपत नाही. डिलन यांचे भाऊ आयर्लंडमधले बॅरोनेट होते. सरदार घराण्यांच्या वंशावळी छापणारे दोन प्रसिद्ध संदर्भग्रंथ होते, डेब्रेट आणि बर्क. एकात भाऊ, दुसऱ्यात बहीण! १९५८ मध्ये ही विसंगती वृत्तपत्रांच्या हाती लागली. जहाजावर डॉक्टर म्हणून काम करणाऱ्या डिलन यांचं आयुष्य जगासमोर उघडं पडलं. ती नोकरी सोडून ते भारतात आले, बौद्ध धर्माचा अभ्यास केला, आणि १९६२ मध्ये डलहौसीत वारले. त्यांचं आत्मकथन छापून यायला त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं लागली.

आता पत्रकारांनी काय केलं ते बघा. दोन साधनं ताडून पाहिली, विसंगती पकडली, छापली. पद्धत म्हणून हे आपलंच काम आहे! गाइडनी शाबासकी दिली असती. गिलीज यांच्या खोट्या नोंदीनं जे सांभाळलं होतं, ते एका अचूक पडताळणीनं मोडलं.

म्हणून रुग्णालयाच्या फायली हाताळणार असाल, तर विसंगती सापडल्याच्या आनंदात लगेच लिहायला बसू नका. ती नोंद कुणाला सांभाळत होती, ते माणूस किंवा त्याचं कुणी आज हयात आहे का, आणि नाव न घालता तुमचा मुद्दा उभा राहतो का, हे तीन प्रश्न आधी वहीत लिहा. हेतू फक्त सर्जनचा तपासायचा नसतो. साधनं चाळणाऱ्या आपला हेतूही तपासायला हवा.