ऑल-स्काय कॅमेरा, घरगुती

क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचे आकाश एकाच वर्तुळाकार चित्रात टिपणारा, गच्चीवर कायम बसवलेला कॅमेरा. रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक, संवेदनशील सेन्सर, सुमारे १८०° दृष्टिक्षेत्राचे फिशआय भिंग आणि वर ॲक्रिलिकचा पारदर्शक घुमट एवढ्यात तो उभा राहतो. खरी परीक्षा दवाची. पहाटे घुमट ओला झाला की तारे पुसले जातात. म्हणून भिंगाभोवती विद्युत रोधकांची माळ गुंडाळून घुमट जेमतेम कोमट ठेवतात.

उदाहरणार्थ, फलटण (जि. सातारा) सुमारे १८° उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे येथे ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून १८° वर दिसतो आणि माथ्यावरून जाणाऱ्या मध्यरेषेवर आलेला अगस्त्य तारा दक्षिणेला जवळजवळ तेवढाच, १९° वर. हिवाळ्यातल्या रात्रभराच्या प्रतिमा एकावर एक चढवल्या की अगस्त्याची लांब कमान उमटते, ध्रुव मात्र ठिपक्यासारखा राहतो. एवढ्यासाठी तरी हा खटाटोप करावा.

अशा कॅमेऱ्याचा आणखी एक उपयोग आहे. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या मोठ्या भागातून जळत जाणारी रेघ दिसली आणि सिंदेवाही तालुक्यात (जि. चंद्रपूर) रॉकेटचे धातूचे कडे पडले. लोकांनी ती मोबाइलवर टिपली. दूरदूरच्या दोन स्थिर कॅमेऱ्यांत अशी रेघ सापडली, तर तिची उंची व मार्ग त्रिकोणमितीने काढता येतो.