ग्रिझली अस्वलापासून संरक्षण आणि बंदुकीची निवड : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना : मेरिवेदर लुईस व विल्यम क्लार्क यांची अमेरिकी मोहीम (इ.स. १८०४-१८०६) मिसुरी नदीच्या मार्गाने पॅसिफिक महासागरापर्यंत गेली. तिच्या रोजनिश्यांतील ग्रिझली अस्वलाविषयीच्या नोंदी शस्त्रनिवडीच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन ठरतात.

विवेचन : धनुष्यबाण किंवा सामान्य बंदुका बाळगणाऱ्या आदिवासींनी या प्राण्याला भ्यावे हे स्वाभाविक असले, तरी कुशल नेमबाजांना तो तितका धोकादायक नाही, असे मत लुईसने २९ एप्रिल १८०५ रोजी नोंदविले. ५ मे रोजी मात्र दहा गोळ्या लागलेले, त्यांपैकी पाच फुप्फुसांतून गेलेले अस्वल निम्म्याहून अधिक नदी पोहून गेले. बंदुका ठासणीच्या असल्याने प्रत्येक बारानंतर त्या पुन्हा भराव्या लागत. १४ जून रोजी रानरेडा मारल्यावर बंदूक भरण्यास विसरलेल्या लुईसवर अस्वल धावून आले. पाण्यात उतरून त्याने भाला रोखला, तेव्हा ते माघारी फिरले.

पुढे अनेकबारी रायफलींमुळे पुन्हा भरण्याची अडचण दूर झाली. अमेरिकी वनसेवेने १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, जवळच्या अंतरावरील चाचण्यांत .४५८ व .३७५ कॅलिबरच्या जड गोळ्या सरस ठरल्या. तथापि, अलास्कातील १८८३ ते २००९ दरम्यानच्या २६९ घटनांच्या अभ्यासात (२०१२), जवळची बंदूक वापरली वा न वापरली तरी इजेच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही.

निष्कर्ष : गोळीचे सामर्थ्य वाढले, परंतु अस्वल अचानक समोर आल्यावर मिळणारा वेळ वाढला नाही. म्हणून शस्त्राची निवड हा सावधगिरीचा एक भाग ठरतो, तिचा पर्याय नव्हे.