दाते मोजून लागणारी वंशावळ

लखनौहून कानपूरकडे जाताना अमौसी विमानतळ मागे पडला की सरोजिनीनगर लागतं. टेम्पोवाल्यांच्या तोंडी या भागाचं नाव ‘स्कूटर इंडिया’. केंद्र सरकारच्या स्कूटर्स इंडिया लिमिटेडचा कारखाना इथे उभा राहिला आणि इटलीतल्या मिलान शहराचा एक अख्खा उद्योग अवधच्या सपाट माळावर येऊन पडला. जुन्या लॅम्ब्रेटाचे शौकीन आजही एखाद्या स्कूटरचा गिअरबॉक्स उघडतात तेव्हा त्यांना उत्तर हवं असतं ते याच स्थलांतराचं: हा बॉक्स मिलानचा, मुंबईचा की लखनौचा? आणि कोणत्या पिढीचा?

मिलानच्या लांब्राते भागात फेर्दिनांदो इनोचेंती यांच्या कारखान्यातून १९४७ साली पहिली लॅम्ब्रेटा बाहेर पडली. तिला तीन गिअर होते आणि ते पायाने टाकायचे. लगेच पुढच्या मॉडेलमध्ये गिअर डाव्या मुठीत आले आणि मग कायमचे तिथेच राहिले. १९५०च्या दशकातल्या ‘डी’ आणि ‘एलडी’ मॉडेलांत गिअर तीनच होते, पण मागच्या चाकापर्यंत ताकद जायची ती चेनने नव्हे, तर शाफ्टने. इंजिनापासून मागे गेलेली बंद नळी दिसली की पुढे काही मोजायची गरजच नसते. ही लॅम्ब्रेटाची सर्वांत सोपी ओळख.

खरी गुंतागुंत १९५७-५८ पासून सुरू होते. १९५७ साली ‘टीव्ही १७५’ आली. टीव्ही म्हणजे ‘तुरिस्मो वेलोचे’, वेगवान प्रवासाची गाडी. पाठोपाठ १९५८ मध्ये ‘एलआय’ आली. शाफ्ट गेला, बंद डब्यातली चेन आली आणि तीनाचे चार गिअर झाले. ‘एलआय’ची मांडणी इतकी पक्की निघाली की इनोचेंतीने शेवटपर्यंत ती सोडली नाही. १९५९च्या दुसऱ्या सीरिजमध्ये हेडलाइट पुढच्या पत्र्यावरून हँडलवर चढला. पुढे तिसऱ्या सीरिजमध्ये अंग सडपातळ झालं. १९६९ मध्ये बेर्तोने या डिझाइन कंपनीने घडवलेली ‘जीपी’, म्हणजे ग्रां प्री, आली. दरवेळी कपडे बदलले, आतलं इंजिन मात्र त्याच घराण्याचं. म्हणून बाहेरून चार पिढ्या वेगळ्या दिसतात आणि आतून सख्ख्या बहिणी निघतात. दाते मोजल्याशिवाय त्यांच्यातला फरक कळत नाही.

युरोपात निदान एक सोय होती. एक सीरिज बंद झाली की दुसरी यायची, त्यामुळे साल कळलं की पिढी कळे. भारतात हा हिशेब साफ कोलमडला.

मुंबईत १९४९ साली स्थापन झालेल्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने, म्हणजे एपीआयने, इनोचेंतीच्या गाड्यांची जुळणी सुरू केली आणि पुढे दुसऱ्या सीरिजची ‘एलआय १५०’ बनवण्याचा परवाना मिळवला. साठ आणि सत्तरच्या दशकांत मुंबईच्या रस्त्यांवर लॅम्ब्रेटा म्हणून दिसायची ती हीच. इटलीत त्या सीरिजनंतर तिसरी आली, मग जीपी आली, शेवटी इनोचेंतीने १९७१ मध्ये लॅम्ब्रेटाच बंद केली. एपीआय मात्र दुसऱ्या सीरिजला धरून राहिली. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात नावाचा वाद टाळण्यासाठी तिने गाडीचं नाव ‘लॅम्बी’ केलं. ‘मॅक १७५’सारखी मॉडेलं आणली. मुंबईखेरीज औरंगाबादेतही, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, तिचा कारखाना होता.

दरम्यान दिल्लीत वेगळीच चक्रं फिरत होती. तो परवाना-राजचा काळ. स्कूटर नोंदवायची आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. बजाजचा इटलीच्या पियाज्जोशी असलेला करार १९७१ साली संपला आणि पुढच्या वर्षी आकुर्डीहून ‘चेतक’ आली, तीही मागणीला पुरेना. मागणी एवढी की राज्य सरकारंही धंद्यात उतरली. १९७५ मध्ये पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज यांनी मिळून साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्स काढली आणि तिथून ‘प्रिया’ बाहेर पडू लागली. केंद्राने त्याआधीच आपला डाव टाकला होता. ७ सप्टेंबर १९७२ रोजी स्कूटर्स इंडिया लिमिटेडची नोंदणी झाली आणि तिने इनोचेंतीकडून यंत्रसामग्री, आराखडे, कागदपत्रं आणि नावाचे हक्क सगळंच विकत घेतलं. १९७५ मध्ये सरोजिनीनगरात उत्पादन सुरू झालं. देशात विकायची ती ‘विजय सुपर’, परदेशात पाठवायची ती ‘लॅम्ब्रेटा’. आंध्रची ‘पुष्पक’, पंजाबची ‘केसरी’ अशा काही राज्यांच्या स्कूटरनाही लखनौचं इंजिन गेलं.

यात मेख अशी की लखनौला आली होती ती शेवटची पिढी, म्हणजे जीपी. त्यामुळे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस भारतात एकाच वेळी मुंबईत १९५९च्या मांडणीची आणि लखनौत १९६९च्या मांडणीची लॅम्ब्रेटा तयार होत होती. आरसी बुकावर १९७८ साल दिसलं म्हणून आत कोणता गिअरबॉक्स असेल हे सांगता येत नाही. इथे पिढ्या एकीमागून एक आल्याच नाहीत, त्या शेजारी शेजारी नांदल्या.

मग मिस्त्री पाहतो काय? आधी वंश, मग पिढी. पियाज्जोच्या वेस्पाच्या घराण्यात, म्हणजे चेतक आणि प्रियात, इंजिन उजव्या बाजूला लटकलेलं असतं, चेन नसते आणि आतला ‘गिअर क्रॉस’ सरकून गिअर पडतो. लॅम्ब्रेटाचं इंजिन गाडीच्या मधोमध, नळीच्या चौकटीखाली आडवं असतं. क्लचकडची बाजू उघडली की चेन दिसते. त्याच पोकळीतलं ९० नंबरचं ऑइल चेनलाही पुरतं आणि गिअरलाही.

आत गिअरचे दोन संच असतात. क्लचबरोबर फिरणारा चार चाकांचा एकसंध ‘क्लस्टर’, आणि लेशाफ्टवर मोकळी फिरणारी चार सुटी दातेरी चाकं. सगळे दाते सदैव एकमेकांत गुंतलेले. मूठ फिरवली की दोन केबलींपैकी एक ताणली जाते, फोर्क सरकतो आणि त्याच्याबरोबर ‘स्लायडिंग डॉग’ नावाचा छोटा पोलादी तुकडा लेशाफ्टवरून पुढे-मागे जातो. त्याचे उंचवटे ज्या चाकाच्या आतल्या खाचांत बसतील तेवढं एकच चाक शाफ्टला जखडलं जातं, बाकीची तीन फुकट फिरत राहतात. हे उंचवटे झिजून गोल झाले की चढावर नेमका भार येतो तेव्हा गिअर सुटतो. डॉग झिजलेला असला तरी चाकांच्या दात्यांची संख्या बदलत नाही, म्हणून ओळख पटवायची ती दात्यांवरून. पहिला गिअर म्हणजे लेशाफ्टवरचं सर्वांत मोठं चाक. तिथून क्रमाने खाली मोजत यायचं, मग क्लस्टरवरचे चार आकडे त्यांच्यासमोर मांडायचे. १२५, १५०, १७५ आणि २०० सीसीच्या मॉडेलांसाठी इनोचेंतीने वेगवेगळी गणितं वापरली होती. कुठे पहिला गिअर जास्त ताकदीचा, कुठे तिसऱ्या-चौथ्यातलं अंतर कमी.

इंजिनावरचा नंबर यात फारशी साथ देत नाही. मोठा सिलिंडर बसवून १५० सीसीची गाडी १७५ची करणं हा जुना उद्योग आहे, आणि क्रॅंककेस एकाची, आतला क्लस्टर दुसऱ्याचा असं सर्रास सापडतं. सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा ज्याला जे मिळालं ते त्याने बसवलं. गाडी चालली पाहिजे, एवढीच अट होती.

लखनौच्या तीनचाकींनी घोळात आणखी भर घातली. इनोचेंतीच्या ‘लॅम्ब्रो’वरून स्कूटर्स इंडियाने ‘विक्रम’ बनवला. चारबाग स्टेशनपासून अमीनाबाद, आलमबागपर्यंत खचाखच भरून धावणारा लखनौचा टेम्पो तो हाच. पुढे त्याला डिझेल इंजिन आलं आणि फटफट आवाज सगळ्या उत्तर भारताच्या ओळखीचा झाला. लॅम्ब्रोला चार पुढचे गिअर, शिवाय रिव्हर्स. मागे दोन चाकं असल्यामुळे डिफरन्शियलही. भंगाराच्या ढिगात पेट्रोल लॅम्ब्रोचं इंजिन स्कूटरचं वाटतं खरं, पण रिव्हर्सची सोय दिसली की तो बॉक्स दुचाकीचा नाही हे ठरतं.

स्कूटरमध्ये मुठीतल्या गिअरचे दिवस मात्र भरत आले होते. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली. ना गिअर, ना किक मारायची सक्ती. लखनौपासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर कानपूरला एलएमएल पियाज्जोच्या साथीने वेस्पा बनवू लागली. स्कूटर्स इंडियाने १९९७ मध्ये दुचाकी बंद केली आणि तीनचाकींवर भर दिला. जानेवारी २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कंपनीच बंद करायला मंजुरी दिली.

कंपनी गेली तरी तिच्या गाड्यांची मागणी राहिली. ब्रिटनमध्ये लॅम्ब्रेटा ही साठच्या दशकातल्या ‘मॉड’ तरुणांची गाडी. तिथल्या शौकिनांसाठी भारतातून जुन्या स्कूटर दुरुस्त करून, रंगवून रवाना होऊ लागल्या. एपीआयच्या दुसऱ्या सीरिजवर ‘टीव्ही’ची पाटी ठोकली की तिची किंमत वाढे. गिअरबॉक्स ओळखण्याचं कसब खऱ्या अर्थाने पणाला लागलं ते इथे.

गाडी न उघडता अर्धी चाचणी करता येते. स्पार्क प्लग काढायचा, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकायची, मागच्या चाकावर खडूची खूण करायची आणि चाकाचा एक पुरा फेरा होईपर्यंत फ्लायव्हील किती वेळा फिरतं ते मोजायचं. पण या आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: चेनचं गणित आणि गिअरचं गणित. ‘एलआय १५०’ला पुढच्या चक्राला १५ दाते आणि क्लचच्या चक्राला ४६, म्हणजे सुमारे ३.०७. दोनशे सीसीच्या मॉडेलांना पुढचं चक्र याहून मोठं. कुणीतरी कधीतरी हे पुढचं चक्र बदललेलं असलं तर चौथ्या गिअरचा आकडा फसवतो. म्हणून क्लचकडचं झाकण काढून ते दातेही मोजावे लागतात. फ्लायव्हीलच्या फेऱ्यांना चेनच्या आकड्याने भागलं की उरतो तो निव्वळ गिअरचा आकडा. हाच हिशेब पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरलाही केला की चार आकडे हाती येतात, आणि ते मॉडेलांच्या तक्त्याशी ताडून पाहिले की बॉक्स कोणत्या मॉडेलचा ते कळतं, पाटीवर काहीही लिहिलेलं असो.