भिलाईचं ऊन, ‘ड’ जीवनसत्त्व आणि एमएस



भिलाईत उन्हाला तोटा नाही. १९५९ साली इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशभरातली माणसं इथे नोकरीला आली. त्यात मराठी कुटुंबंही होती. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणं या गावाला नवं नाही. अशा ठिकाणी एखाद्या तरुण मुलीला डॉक्टर सांगतात, ‘तुला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस आहे, आणि रक्तात ‘ड’ जीवनसत्त्वही कमी आहे.’ घरचे चक्रावतात. मग कुणीतरी सुचवतं, रोज उन्हात बसव, बरी होईल. हा सल्ला आला कुठून आणि त्यातलं किती खरं निघालं, ते आज पाहू.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. विजेच्या तारेवर रबर असतं, तसं या तंतूंवर मायलिनचं आवरण असतं. ते जागोजागी खराब होतं. एका डोळ्याला धूसर दिसतं, हातापायाला बधिरपणा येतो, तोल जातो. पॅरिसच्या शार्को या डॉक्टरांनी १८६८ मध्ये या आजाराचं नेमकं वर्णन केलं.

पुढे नकाशे तयार झाले. विषुववृत्तापासून दूर, थंड देशांत रुग्ण जास्त दिसले. १९६० मध्ये अ‍ॅचिसन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदी तपासल्या. जिथे ऊन कमी, तिथे एमएस जास्त, असं दिसलं. नॉर्वेत आणखी एक गोष्ट आढळली होती. किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या वस्तीत आजार कमी, आतल्या शेतकरी भागात जास्त. १९७४ मध्ये गोल्डबर्ग या संशोधकाने दोन्ही धागे जोडले. कातडीवर ऊन पडलं की ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतं आणि तेलकट समुद्री माशांतही ते असतं. तेव्हा उन्हामागचं खरं कारण ‘ड’च असावं, असा त्यांचा तर्क होता.

या नकाशाचा आपल्याला एक तोटा झाला. एमएस हा गोऱ्यांचा, थंड मुलखातला आजार, अशी समजूत आपल्याकडेही रुजली. ज्या आजाराचा संशयच येत नाही, तो सापडणार कसा? एमआरआय यंत्रं आल्यावर आपल्याकडेही रुग्ण दिसू लागले.

नकाशाला छेद देणारा पुरावा महाराष्ट्रातूनच आला. मुंबईचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी मुंबई-पुण्याच्या पारशी समाजाचा अभ्यास केला. तो १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. ऊन तेच, शहर तेच, पण पारशांमध्ये एमएसचं प्रमाण बरंच जास्त. म्हणजे केवळ उन्हाने हे कोडं सुटत नव्हतं. वंशपरंपरेने आलेली जनुकंही त्यात होती.

मग ‘ड’चं काय? २००६ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या ७० लाखांहून अधिक लोकांच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांच्या आधारे अभ्यास झाला. आजार होण्याआधी ज्यांच्या रक्तात ‘ड’ जास्त होतं, त्यांना एमएसचा धोका कमी दिसला. पण हा संबंध गोऱ्या सैनिकांमध्ये स्पष्ट होता, काळ्या सैनिकांमध्ये तसा सापडला नाही. २०२२ मध्ये अशाच नोंदींवरून एप्स्टाइन-बार विषाणूचा संसर्ग हे मोठं कारण पुढे आलं. म्हणजे ‘ड’ची कमतरता हा कारणांपैकी एक धागा.

आता एमएस झालेल्याने ‘ड’ घेतलं तर? उत्तर सरळ नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत नेहमीच्या औषधासोबत रोज ५००० युनिट आणि ६०० युनिट अशी तुलना झाली. झटक्यांच्या संख्येत फरक पडला नाही. २०२५ मध्ये फ्रान्समधल्या ३०३ रुग्णांचा निकाल आला. पहिलाच झटका आलेल्यांना दर दोन आठवड्यांनी १ लाख युनिट दिलं, दोन वर्षं. नवा झटका किंवा एमआरआयवर नवे डाग, यांचं प्रमाण ‘ड’ घेणाऱ्यांत ६०.३ टक्के, न घेणाऱ्यांत ७४.१ टक्के. फायदा दिसला. पण ‘ड’ घेऊनही निम्म्याहून अधिक जणांचा आजार सक्रिय राहिला. म्हणून ‘ड’च्या भरवशावर एमएसचं मूळ औषध थांबवू नये.

आता भिलाईकडे परत येऊ. एवढ्या उन्हात ‘ड’ कमी कसं? २००० साली दिल्लीतल्या निरोगी लोकांच्या अभ्यासातही ते कमीच आढळलं होतं. सावळ्या कातडीला जास्त वेळ ऊन लागतं, अंग कपड्यांनी झाकलेलं असतं आणि दिवस घरात, ऑफिसात जातो. कोवळं ऊन आपल्याला प्रिय, पण त्यात ‘ड’ तयार करणारे किरण फार थोडे. ते दुपारच्या आसपास भरपूर असतात.

आणि इथेच एमएसच्या रुग्णाची अडचण होते. १८९० मध्ये उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने नोंदवलं होतं, की श्रमानंतर अशा रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते. हे शरीराचं तापमान वाढल्याने होतं, हे पुढे कळलं. अंग तापलं की खराब आवरणाच्या तंतूंतून संदेश नीट जात नाहीत, पाय लटपटतात, थकवा येतो. अंग निवलं की बहुधा पूर्ववत होतं. म्हणून मे महिन्यात ‘उन्हात बस’ हा सल्ला एमएसच्या माणसाला छळ ठरतो. डिसेंबर-जानेवारीत दुपारचं सोसवणारं ऊन थोडा वेळ घ्यावं, उन्हाळ्यात सावली आणि गार पाणी जवळ ठेवावं. ‘ड’ची कमतरता डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळीने भरून काढावी.

फक्त एक सांभाळा. मेडिकलच्या दुकानात ६० हजार युनिटचं पाकीट सहज मिळतं. ते ठरावीक आठवड्यांसाठी असतं. मनाने महिनोन्‌महिने घेत राहिलं, तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. आधी रक्त तपासा, नंतर पुन्हा तपासा. आणि घरात कुणी एमएसशी झगडत असेल, तर ‘उन्हात बसत नाहीस म्हणून झालं’ असं त्याला म्हणू नका. दीडशे वर्षांच्या संशोधनात तसं कुठेही सिद्ध झालेलं नाही.