कासव, मांजर आणि परंदवडीचं अंगण

शनिवारी सकाळी गाडी हिंजवडीच्या ऐवजी सोमाटणे फाट्याकडे वळली की माझं डोकं आपोआप हलकं होतं. फाट्यावरून आत परंदवडी. तिथे आई, दादा-वहिनी, भाताची खाचरं, आणि वारा त्या बाजूचा असेल तर बेगडेवाडी स्टेशनात शिरणाऱ्या लोकलचा भोंगा.

परवा असेच गेलो होतो. लेक (वय वर्षं सहा) पोचल्या पोचल्या ओसरीवर टॅब घेऊन बसली. आई थोडा वेळ बघत राहिली आणि मग मला म्हणाली, "अरे, ही त्यात बघते काय आणि करते काय?"

तिला दोन्हीचं उत्तर एकच वाटत असणार. पण मला तो प्रश्न चांगलाच लागला. कारण 'बघते' आणि 'करते' यातला फरक कळायला आमच्या धंद्यातल्या शहाण्या लोकांची जवळजवळ साठ वर्षं गेली आहेत, आणि त्या इतिहासाचा एक तुकडा आमच्या घाटाच्या पायथ्याशीच घडलाय. म्हणून आजचा विकांत त्याला.

आधी एक जुनी गोष्ट सांगतो. 2008 ची दिवाळी. पुतण्या तेव्हा आठ वर्षांचा. मी ऑफिसचा लॅपटॉप आणि डेटा कार्ड घेऊन घरी आलेलो (मॅनेजर हे वाचत नसावा). त्या काळात मुलांसाठी चित्रं-गोष्टी बनवायच्या बऱ्याच साइट्स निघाल्या होत्या. पार्श्वभूमी निवडा, त्यात माणसं-प्राणी आणून टाका, गोष्ट तयार! एक पान उघडायला आमचा चहा पिऊन व्हायचा, पण पोरगं चिकटून बसलं. किल्ला होता, बर्फातलं लाकडी घर होतं, पाइनची झाडं होती. सगळं उचकून झाल्यावर त्याने विचारलं, "काका, यात आपलं घर कुठंय?"

नव्हतं. कौलारू घर नव्हतं, गोठा नव्हता, भात तर नव्हताच. मग कोपऱ्यात पेन्सिलचं एक चिन्ह सापडलं आणि त्याने वेड्यावाकड्या रेघांनी लोकल काढली, खाली हिरवे फराटे म्हणजे भात. तीन दिवसांत अशी नऊ-दहा चित्रं झाली. साइटवरच जपून ठेवली. 'जपून' हा आपला शब्द. काही वर्षांनी ती साइट बंद पडली आणि चित्रंही गेली. त्यांच्या ई-मेलकडे माझंच लक्ष नव्हतं. चूक माझीच, कारण बॅकअप नावाची गोष्ट मी दिवसभर दुसऱ्यांना शिकवतो.

असो. आता इतिहास.

1967 मध्ये अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन, वॉली फॉयर्झाइग आणि त्यांच्या सोबत्यांनी 'लोगो' नावाची मुलांसाठीची संगणकभाषा केली. तो जमाना खोलीएवढ्या संगणकांचा. तेव्हा बहुतेकांची कल्पना अशी, की संगणक प्रश्न विचारेल, मूल उत्तर देईल, चुकलं की संगणक सांगेल. म्हणजे यंत्र मास्तर. जिनिव्हात जाँ पियाजेंबरोबर काही वर्षं काम केलेल्या पॅपर्टने हे उलटं केलं. मूल सांगेल आणि यंत्र ऐकेल. त्यासाठी एक कासव आलं: आधी जमिनीवर फिरणारं, पेन खाली टेकवून रेघ ओढणारं खरंखुरं यंत्र, आणि नंतर पडद्यावरचं. 'पुढे 50, उजवीकडे 90' असं चारदा सांगितलं की चौकोन.

मजा अशी की मूल अडलं तर पॅपर्टचा सल्ला असायचा, तूच कासव हो आणि चालून बघ. चौकोन हा आधी पायांना कळतो, मग डोक्याला. 1980 मध्ये त्याचं 'माइंडस्टॉर्म्स' हे पुस्तक आलं. माझ्या मते आजही या विषयावर एकच पुस्तक वाचायचं असेल तर ते हेच. (टीममधल्या ज्या पोरांना रिकर्शन कळत नाही त्यांनाही मी हेच देतो.)

आता आमच्या घाटाकडे येतो. आमची लोकल लोणावळ्याला संपते. तिथून बोरघाट उतरला की कर्जत. त्याच बाजूला, रायगड जिल्ह्यात, खैराट धनगरवाडा म्हणून एक छोटी वस्ती आहे. तिथल्या एकशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत 2007 मध्ये पोरांना हिरव्या-पांढऱ्या रंगाचे, सशासारखे दोन कान असलेले लॅपटॉप मिळाले. निकोलस नेग्रोपाँटेच्या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' योजनेचा हा भारतातला पहिला प्रयोग. या योजनेमागेही पॅपर्टचेच विचार होते. लॅपटॉपमध्ये चित्र काढायचं, संगीत रचायचं, फोटो टिपायचं साधन होतं, आणि होय, कासवही होतं: 'टर्टल आर्ट'. पडदा भर उन्हात वाचता यायचा, आणि इंटरनेट नसलं तरी शेजारशेजारची यंत्रं एकमेकांशी बोलायची.

विशेष म्हणजे आदल्याच वर्षी, 2006 मध्ये, केंद्राच्या मनुष्यबळ विकास खात्याने ही योजना नाकारली होती. एवढ्या पैशात आधी वर्ग आणि शिक्षक द्या, असं त्यांचं म्हणणं. आणि ते चूक होतं असं मला वाटत नाही. शंभर डॉलरचा लॅपटॉप म्हणून गाजावाजा झाला, पण कारखान्यातून बाहेर पडताना त्याची किंमत 188 डॉलर झाली होती. भारतात ही योजना कधी मोठी झाली नाही.

तरी खैराट मला महत्त्वाचं वाटतं, ते एका साध्या गोष्टीसाठी. यंत्र शाळेच्या कपाटात नव्हतं, पोराच्या हातात होतं. मी स्वतः एका शाळेला (नाव नको) जुना लॅपटॉप भेट दिला होता. वर्षभराने गेलो तर तो कुलपात, वर कापडी कव्हर, कव्हरला हळदीकुंकू. "मुलं खराब करतील हो सर." राग आला, पण त्या बाईंचं तरी काय चुकलं? बिघडला तर भरपाई त्यांच्या गळ्यात.

महाग साधन आणि गरीब मूल हा पेच आपल्याकडे संगणकाच्या फार आधीचा आहे. माँटेसोरीची साधनं खेड्याला परवडणारी नाहीत हे ताराबाई मोडकांनी ओळखलं. 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला, अनुताई वाघांच्या साथीने, त्यांनी बालवाड्या चालवल्या त्या शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांच्यावर. मोजायला खडे, रंग ओळखायला पानं-फुलं. हरवलं तर पोरगं जाऊन दुसरं आणतं. कुलूप लावायची गरजच नाही.

आणि याच ओळीतला एक माणूस आमच्याच जातकुळीतला, म्हणजे इंजिनिअर. अरविंद गुप्ता 1975 चे आयआयटी कानपूरचे, नोकरी पुण्याच्या टेल्कोत, ट्रक बनवायची. 1978 मध्ये ते रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून त्रिकोण, चौकोन, घनाकृती उभ्या राहिल्या. त्रिकोण दाबला तर हलत नाही, चौकोन लगेच कलंडतो. पुलांना त्रिकोण का असतात हे सांगायला मग वेगळा धडा लागत नाही. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी 2014 पर्यंत काम केलं. (ती इमारत पु. ल. देशपांड्यांच्या स्मरणार्थ आहे आणि नाव आहे 'पुलस्त्य', सप्तर्षींतला एक तारा. पुलंनी यावर नक्की कोटी केली असती.) त्यांची साइट दिसायला अगदी जुन्या वळणाची, पण त्यावर हजारो पुस्तकं आणि खेळण्यांचे व्हिडिओ फुकट, मराठीतसुद्धा. तिथे मूल दोन-तीन मिनिटं बघतं आणि मग अर्धा तास पडद्याकडे पाठ करून काहीतरी कापत-चिकटवत बसतं. मुलांची अशी दुसरी साइट माझ्या तरी बघण्यात नाही.

खैराटला लॅपटॉप पोचले त्याच 2007 साली अमेरिकेत एमआयटीमध्ये मिचेल रेझ्निकच्या गटाने 'स्क्रॅच' लोकांसाठी खुलं केलं. कासवाच्या जागी आता मांजर आलं. आज्ञा टाइप करायच्या नाहीत, रंगीत ठोकळे एकात एक अडकवायचे. रेझ्निक हा पॅपर्टच्याच तालमीतला. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी 2014 मध्ये धाकटी आवृत्ती आली, 'स्क्रॅचज्युनिअर'. त्यात वाचता यावं लागत नाही आणि एकदा उतरवलं की नेटही लागत नाही. लेक ओसरीवर तेच करत होती. परंदवडीच्या रेंजचा विचार करता हा गुण मोठाच.

मधल्या काळात मुलांच्या बहुतेक सर्जनशील साइट्स फ्लॅशवर चालायच्या. डिस्नेने 2009 मध्ये 'केरपूफ' विकत घेतली आणि 2014 मध्ये बंद केली. मग 31 डिसेंबर 2020 ला फ्लॅशच संपलं, आणि उरलेल्यांतल्या कित्येक एका रात्रीत मुक्या झाल्या. स्क्रॅचसुद्धा 2013 पासून फ्लॅशवर होतं, पण त्यांनी जानेवारी 2019 मध्येच सगळं नव्याने लिहून बाहेर काढलं. असं मायग्रेशन ज्यांनी केलंय त्यांना यातले कष्ट कळतील. तरी माझं ऐका, मुलांनी केलेलं जे काही असेल त्याची फाइल आपल्याकडे उतरवून घ्या, चित्र असेल तर छापून भिंतीला लावा.

हे सगळं आईला अर्थातच सांगितलं नाही. म्हटलं, "ही मांजराला कामं सांगते, मांजर ऐकतं." आई म्हणाली, "मांजर? ऐकतं?"

तेवढ्यात टॅबचं चार्जिंग संपलं आणि वीज आधीच गेलेली. लेकीचा आवाज चढायला लागला. पुतण्या (आता पंचवीस वर्षांचा, चाकणला नोकरीला) मोटारसायकल पुसत होता. मी त्याच्या हातात रांगोळीचा डबा दिला आणि लेकीला म्हटलं, "हा बघ, दादा आता कासव. तू सांगशील तसाच चालेल."

"पुढे पाच पावलं. उजवीकडे वळ." चारदा सांगून अंगणात चौकोन झाला. जरा वाकडा, पण झाला. मग तिला गोल हवा होता. कासव म्हणालं, "गोल असं काही मला कळत नाही. मला फक्त चालणं आणि वळणं कळतं." ती बराच वेळ गप्प. मग स्वतःच गिरकी घेऊन बघितली, दोन पावलं चालून बघितली, आणि म्हणाली, "थोडंसं चाल, थोडंसं वळ. परत थोडंसं चाल, थोडंसं वळ. परत तेच. मी थांब म्हणेपर्यंत!"

मी काहीच सांगितलं नव्हतं, शपथ.

वळणं मात्र फारच थोडी पडत होती. गोल मिटायचं नाव घेईना, रांगोळी संपत आलेली, आणि कासव मागे मागे गोठ्यापर्यंत पोचलेलं. "काका, हिला थांब म्हणायला सांग ना!" आई दारात उभी राहून सगळं बघत होती. म्हणाली, "जास्त वळव गं त्याला, नाहीतर जाईल बेगडेवाडीला. आणि येताना तुळशीला धक्का लागता कामा नये."