टपाल तिकिटांवरची प्राणिवर्षे

टपाल तिकीट म्हणजे राज्यसत्तेने प्रजेच्या हाती दिलेली सर्वांत लहान अधिकृत प्रतिमा होय. त्यावर कोणाचे चित्र छापावे, हे शासन ठरवते. म्हणूनच एखाद्या लोकरूढीला तिकिटावर स्थान मिळाले, की तिला राजमान्यता लाभली असे समजावयास हरकत नसते. चिनी कालगणनेतील बारा प्राण्यांची तिकिटे जमवणारे संग्राहक जगभर आढळतात. त्यांच्या संग्रहाकडे आम्ही येथे याच दृष्टीने पाहू इच्छितो.

उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढा, माकड, कोंबडा, कुत्रा आणि डुक्कर असा या प्राण्यांचा क्रम आहे आणि प्रत्येकाकडे एक अख्खे चांद्रवर्ष असते. या चक्राचा संबंध गुरू ग्रहाच्या सुमारे बारा वर्षांच्या भ्रमणाशी जोडला जातो. नाशिकचा सिंहस्थ ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे गणित परके वाटू नये. हूपेइ प्रांतातील शुइहूदी येथे १९७५ साली इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील एका थडग्यात बांबूच्या पट्ट्या सापडल्या. त्यांवर ही प्राण्यांची यादी थोड्याफार फरकाने आढळते.

इतकी जुनी रूढी तिकिटावर मात्र प्रथम आली ती चीनबाहेर. जपानने १९५० साली मारुयामा ओक्यो या अठराव्या शतकातील चित्रकाराचा वाघ नववर्षाच्या तिकिटावर छापला. जपानने १८७३ पासूनच पाश्चात्त्य दिनदर्शिका स्वीकारली होती. चांद्र पंचांग गेले, पण प्राणी राहिले.

हाँगकाँगची कथा अधिक बोलकी आहे. तेथील ब्रिटिश वसाहतीच्या सरकारने जानेवारी १९६७ मध्ये मेंढ्याच्या वर्षाची तिकिटे काढली. चिनी मेंढा आणि इंग्लंडची राणी एकाच तिकिटावर आली. त्याच महिन्यात सीमेपलीकडे, सांस्कृतिक क्रांतीच्या ऐन भरात, चीन सरकारने चांद्र नववर्षाची सुट्टी रद्द केली. जुने विचार, जुनी संस्कृती, जुन्या चालीरीती आणि जुन्या सवयी या ‘चार जुन्या गोष्टीं’विरुद्ध तेथे मोहीम चालू होती. तिकिटे जमवणे हाही बूर्झ्वा छंद ठरला होता आणि संग्राहकांचे प्रमुख मासिक १९६६ सालीच बंद पडले होते. परक्या सत्तेने जे जपले, ते स्वकीय सत्तेने नाकारले!

चीनचे पहिले प्राणिवर्षाचे तिकीट १५ फेब्रुवारी १९८० रोजी, म्हणजे माकडाचे वर्ष लागण्याच्या आदल्या दिवशी प्रसिद्ध झाले. लाल पार्श्वभूमीवर काळे माकड. मूळ चित्र हुआंग योंगयू यांचे. याच चित्रकाराच्या एक डोळा मिटलेल्या घुबडावर सत्ताधाऱ्यांनी १९७४ साली समाजवादाची कुचेष्टा केल्याचा आरोप ठेवला होता. सहा वर्षांनी त्यांचेच माकड घरोघरच्या पत्रांवर जाऊन बसले. तिकिटाची किंमत आठ फेन होती आणि परगावी साधे पत्र पाठवण्याचा दरही तेवढाच होता. बंद पडलेले मासिकही त्याच वर्षी पुन्हा सुरू झाले.

चिनी प्राणिक्रम उंदरापासून सुरू होतो, पण चिनी तिकिटांची मालिका माकडापासून सुरू होऊन १९९१ साली मेंढ्यापाशी पहिला फेरा पूर्ण करते. संग्राहकाच्या वहीतील हा विजोड क्रम म्हणजे आमच्या मते इतिहासाने ठेवलेली खूणच आहे. उदारीकरण ज्या वर्षी पंचांगापर्यंत पोहोचले, ते वर्ष माकडाचे होते.

अमेरिकेत हीच तिकिटे स्थलांतरितांच्या मान्यतेचा प्रश्न घेऊन आली. तेथे १८८२ साली चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा कायदा झाला होता. तो १९४३ पर्यंत टिकला. चिनी-अमेरिकन संघटनेच्या पाठपुराव्यानंतर ३० डिसेंबर १९९२ रोजी कोंबड्याचे तिकीट निघाले. त्याचे संकल्पक क्लॅरन्स ली हे हवाईत जन्मलेले चिनी वंशाचे कलावंत होते.

१९८० च्या माकडाची ऐंशी तिकिटांची अखंड शीट लिलावात दहा लाख युआनांहून अधिक किमतीला गेलेली आहे, आणि साहजिकच नकली प्रतीही पुष्कळ निघतात. गुंतवणूक म्हणून तिकिटे घेणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. परंतु किमतीच्या तक्त्यात १९६७ चा मेंढा आणि १९८० चे माकड यांच्यातील नाते दिसत नाही. ते दोन्ही तिकिटे शेजारी ठेवल्यावरच दिसते.

हुआंग यांनी जानेवारी २०२३ मध्ये निघालेल्या तिकिटासाठी लाल डोळ्यांचा निळा ससा काढला. अनेकांना तो भेसूर वाटला आणि समाजमाध्यमांवर त्याची यथेच्छ टवाळी झाली. त्याच वर्षी जूनमध्ये हुआंग यांचे निधन झाले. त्यांच्या घुबडाचा निवाडा शासनाने केला होता. सशाचा लोकांनी केला. त्यांचे माकड मात्र लोकांनी, शासनाने आणि बाजारानेही आपले मानले.